मुका खांब

टॉडमॉर्डनच्या लायब्ररीत दर गुरुवारी
हीटरशेजारची खुर्ची विल्फची.
चाळीस वर्षं बस चालवली त्यानं,
आता क्रोशाची सुई चालवतो,
ओळ संपून वळायचं आलं की
अजून उजव्या खांद्यावरून मागं बघतो.

या हिवाळ्यात असं ठरलं,
दीडशे वर्षांपूर्वीची एक जाडजूड कादंबरी
सगळ्यांनी वाचायची
आणि तिच्यातलं कुणीतरी
आजच्या अंगावर येईल असं विणायचं.

डोरीननं नायिका घेतली, अर्थात.
तिचा वादळातला झगा झाला हिरवा हुडी,
चेनसकट, आणि आत चोरखिसा, इनहेलरसाठी.
विल्फनं कर्जात बुडालेल्या कप्तानाच्या जाकिटाचे पट्टे
लॅपटॉपच्या पिशवीवर उतरवले.
शबनमनं तर मृत्युपत्रच विणलं,
सात फुटी मफलर,
टोकाला लाल लोकरीची लाखेची मोहोर.

मी अडकले दोनशे बाराव्या पानावर.
तिथं एक मुलगी कोळशाची बादली घेऊन येते,
शेगडी पेटवते,
तिचे हात भेगाळलेले असतात,
आणि जाते.
नाव नाही. पुन्हा येत नाही.
पुढची तीनशे पानं सगळे त्याच शेगडीशी बसून
प्रेमात पडतात, इस्टेटीवरून भांडतात,
एकजण तर तिथंच मरतो, छान ऊब असताना.

आईची वही आहे माझ्याकडं, कराडची,
तेलाच्या डागातून पलीकडचं पान दिसतं.
साखळी. खांब. जोडखांब. मुका खांब.
ज्या टाक्याला इथं डबल म्हणतात
त्यालाच अमेरिकेत सिंगल,
डोरीन यावरून व्हिडिओतल्या बायकांशी
मोठ्यानं भांडते.
म्हटलं, आमच्यात त्याला मुका म्हणतात.
म्हणजे?
म्हणजे न बोलणारा.
तिनं सुई थांबवली.
पण सगळ्यात घट्ट वीण त्याचीच असते, म्हणाली.
हो, म्हटलं. वारा आत येत नाही.

मार्केट हॉलमधून करडी लोकर आणली,
पावणेचार पौंड, शेवटची लडी,
राखेत थोडं निळं मिसळावं तसा रंग.
हातमोजे. बोटं उघडी,
कारण बोटं कामाला लागतात,
तेव्हा काडी ओढायला, आता फोन उघडायला.
डावा पहिल्या झटक्यात जमला.
उजवा मोठा झाला.
उसवला. पुन्हा मोठा झाला.
तिसऱ्यांदा दोरा ओढताना वाटलं,
बादली ती उजव्याच हातानं उचलत असणार,
रोज, पहाटे, जिना चढून.
असेल तो हात मोठा.
ठेवला तसाच.

प्रदर्शनात प्रत्येक वस्तूखाली कार्ड हवं होतं,
पात्राचं नाव लिहायला.
मी लिहिलं, पान २१२.
एका बाईंनी विचारलं, हे सिनेमात होतं का?
दुसरीनं उजवा हातमोजा उचलून
चुकलंय असं हळूच सांगितलं,
वाईट वाटू नये म्हणून डाव्याचं कौतुक केलं.
हुडीशी मात्र फोटोसाठी रांग होती.
माझाही आहे एक, डोरीनच्या आग्रहानं,
त्यात मी नायिकेपेक्षा
पावसात अडकलेल्या पोस्टमनसारखी दिसते.

साडेपाचला केरी-ॲन आली, खुर्च्या रचायला.
एकोणीस-वीसची असेल. सकाळी हॉटेलात भांडी,
संध्याकाळी इथं.
घालून बघू? म्हणाली,
आणि उत्तराआधीच घातले.
डावा बरोबर. उजवा
अंगठ्यापाशी जरा ताणून, मग
तोही बरोबर.
मुठी मिटल्या, उघडल्या,
ऊब आहे यांना, म्हणाली
आणि खुर्च्यांकडं वळली,
एकावर एक, सहा-सहाचा ढीग.

परत मागायचं माझ्या ध्यानातच आलं नाही.
आलं होतं. मागितले नाहीत.
टेबलावर कार्ड तेवढं राहिलं.
विल्फनं दिवे बंद करताना विचारलं,
पुढच्या महिन्यात कोण?
आणि मी पिशवीत हात घालून चाचपत होते,
लडीत अजून थोडी लोकर उरलीय का.